एक शेर, पण कशाचा?

“मणभर लोखंड अधिक जड कीं मणभर कापूस?” हें कोडें ज्यानें लहानपणीं ऐकलें नाहीं असा वाचक विरळा. उतावळा मुलगा चटकन् “लोखंड” म्हणतो, भोंवतालचीं मुलें हंसतात, आणि मग कोणीतरी वडीलधारें माणूस समजावून सांगतें कीं, मण तो मण. पारड्यांत काय आहे याची तराजूला पर्वा नसते. कोडें येथें संपतें. आम्हांस मात्र वाटतें कीं, खरी मौज येथून पुढें आहे. तोच कापूस आणि तेंच लोखंड चुलींत घालून पाहिलें, तर लोखंड नुसतें तापून लाल होईल आणि घेतलेली उष्णता तेवढी परत करील. कापूस मात्र स्वतः जळून कित्येक हंडे पाणी उकळवील. तराजूनें ज्या दोघांस सारखें ठरविलें, त्यांस चुलीनें अगदीं निराळें ठरविलें. “किती?” या प्रश्नाचें उत्तर “एक शेर” किंवा “एक किलो” असें मिळालें कीं आपलें समाधान होतें. तें समाधान कितपत योग्य आहे, हें या लेखांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे. विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी त्याचा संबंध घरांतल्या चुलीशीं, ताटांतल्या भाकरीशीं आणि महिनाअखेरच्या हिशेबाशीं आहे; म्हणून पालकांनींहि तो वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम मापांविषयीं थोडें. पूर्वीं आपल्याकडे धान्य बहुधा मापीत, जोखीत नसत. चिपटें, अच्छेर, शेर, पायली हीं सारीं आकारमानाचीं मापें. पायलीभर बाजरी आणि पायलीभर चुरमुरे यांच्या वजनांत केवढा फरक पडतो हें बाजारांत जाणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असे. शिवाय “शेर” हा शब्द मापासहि लावीत व वजनासहि लावीत, त्यामुळें घोंटाळ्यास आणखी एक वाट मोकळी होई. वजनांत तरी एकवाक्यता होती म्हणावें, तर तेंहि नाहीं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारें १२.७ किलोग्रॅमचा, रेल्वेचा मण ८२ पौंडांहून कांहींसा अधिक, म्हणजे सुमारें ३७.३ किलोग्रॅमचा, आणि दोन्ही चाळीस शेरांचेच! १९५६ सालीं संसदेनें मेट्रिक वजनामापांचा कायदा केला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्यानें अंमलांत आला, आणि “कोणत्या गांवचा मण?” हा प्रश्न मिटला. आतां पुण्याचा किलो आणि पॅरिसचा किलो एकच. परंतु “कशाचा किलो?” हा दुसरा प्रश्न कोणत्याहि कायद्यानें मिटणारा नाहीं.

त्याचें उत्तर देण्यापूर्वीं उष्णता मोजावयाची कशी हें समजलें पाहिजे. ती कांहीं पारड्यांत घालतां येत नाहीं. तिनें दुसऱ्या वस्तूवर काय परिणाम केला, तो मोजावा लागतो. फ्रान्समध्यें लाव्हाझिये व लाप्लास या दोघां शास्त्रज्ञांनीं १७८२-८३ च्या हिवाळ्यांत एका भांड्यांत गिनीपिग नांवाचा लहानसा प्राणी ठेविला, भोंवतीं बर्फ भरला, आणि बर्फ वितळून किती पाणी झालें तें पाहिलें. पाणी जितकें अधिक, तितकी त्या प्राण्याच्या अंगची उष्णता अधिक. पुढें बर्फाची जागा पाण्यानें घेतली. एक किलो पाण्याचें तपमान एक अंश सेल्सियसनें वाढविण्यास जितकी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. आहाराविषयीं बोलतांना ज्यास आपण नुसतें “कॅलरी” किंवा “उष्मांक” म्हणतों तो हाच होय. प्रयोगशाळेंतील लहान कॅलरी याचा हजारावा भाग असते. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण हजारपटीच्या चुकीस कोणताहि परीक्षक क्षमा करीत नाहीं. या लेखांत उष्मांक म्हटला कीं मोठा, किलोकॅलरीचा, उष्मांक समजावा.

उष्णता आणि श्रम हीं एकाच नाण्यानें मोजतां येतात, हें जेम्स जूल या इंग्रज गृहस्थानें दाखवून दिलें. घरचा धंदा बीअर तयार करण्याचा. पण याचें सारें लक्ष तपमापकाकडे. ताक घुसळावयाच्या रवीसारखीं पातीं त्यानें पाण्याच्या भांड्यांत बसविलीं व तीं फिरविण्यासाठीं दोरीला वजनें टांगलीं. वजनें खालीं उतरत, पातीं फिरत, आणि घुसळलेलें पाणी किंचित् तापे. हा प्रयोग त्यानें पुन्हां पुन्हां, वर्षानुवर्षें केला. १८५० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें निष्कर्ष दिला कीं, एक पौंड वजन ७७२ फूट खालीं येण्यांत जें सामर्थ्य आहे, तेवढ्यानें एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापतें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, एक उष्मांक म्हणजे ४,१८४ जूल, म्हणजेच एक किलो वजन सुमारें ४२७ मीटर उंच चढविण्याचे श्रम. दिल्लीचे जवळजवळ सहा कुतुबमिनार एकावर एक उभे केले तर ही उंची भरेल. एक किलोचा दगड घेऊन इतकें चढावें, आणि तेवढे सारे श्रम उष्णतेच्या रूपानें परत मिळाले तर किलोभर पाणी अवघें एका अंशानें तापावें! उष्णता ही किती महाग वस्तु आहे, याची कल्पना वाचकांस यावरून येईल.

नायगाऱ्याचा धबधबा १६० फूट पडतो, तेव्हां त्याचें पाणी खालीं फॅरनहाइटच्या सुमारें एकपंचमांश अंशानें अधिक उष्ण असलें पाहिजे, असा हिशेब जूलनें १८४५ सालींच मांडला होता. तसाच हिशेब आपण आपल्या सह्याद्रीचा करूं. खोपोली येथें १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी कड्यावरून नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं उतरवून त्यावर तेथें यंत्राचीं चक्रें फिरवितात. एक किलो पाणी इतकें खालीं आलें म्हणजे त्यापासून जेमतेम सव्वा उष्मांक मिळतो. विजेच्या बिलांत ज्यास “युनिट” म्हणतात, तो ८६० उष्मांकांचा. तेव्हां यंत्रांत कांहींहि वाया गेलें नाहीं असें धरलें तरी एका युनिटास सातशें किलोहून अधिक पाणी घाटावरून उतरलें पाहिजे. तेवढीच उष्णता रॉकेलांत शोधूं गेल्यास ८४ ग्रॅम, म्हणजे सात-सव्वासात तोळे, तेल पुरें होतें. एकीकडे सातशें किलो, दुसरीकडे सात तोळे! अर्थात् या तुलनेंत एक मेख आहे. पडत्या पाण्याच्या सामर्थ्यापैकीं बहुतेक सर्व भागाची वीज करतां येते; जळत्या तेलाच्या उष्णतेपैकीं साधारणपणें एकतृतीयांशाच्या आसपास विजेच्या रूपानें हातीं लागते, उरलेली चिमणींतून व थंड करण्याच्या पाण्यांतून निघून जाते. आणि पाणी जळून संपत नाहीं. पुढल्या आषाढांत तलाव पुन्हां भरतात.

माणसाच्या देहाचा हिशेबहि याच मापानें होतो. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी सिंहगडाच्या पायथ्यापासून सुमारें सहाशें मीटर उंच चढून गेला, तर स्वतःचें वजन वर नेण्यांत त्यानें सत्तर उष्मांकांचे श्रम केले. परंतु आपलें शरीर हेंहि एक यंत्रच. घेतलेल्या अन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढेंच काम तें बाहेर दाखवितें. म्हणून अन्नांतून पावणेतीनशें ते तीनशें उष्मांक खर्च होतात. एक ग्रॅम तुपांत नऊ उष्मांक असतात, तेव्हां गड चढण्यास तीन तोळ्यांहूनहि कमी तूप पुरतें. गडावर पोंचल्यावर पिठलें-भाकरी, कांदाभजीं व दह्याचीं मडकीं यांवर जी झडप पडते, ती या हिशेबास धरून असते असें आमचें म्हणणें नाहीं.

आतां जळणाकडे वळूं. हा या लेखाचा खरा गाभा आहे. पूर्णपणें कोरड्या लांकडाच्या एका किलोंत सुमारें ४,४०० उष्मांक असतात. मग तें बाभळीचें असो वा आंब्याचें, वजनास वजन धरलें तर फरक फारसा नाहीं. बाभूळ चांगली म्हणतात, कारण ती घट्ट असते. एवढ्याशा ढलपींत वजन अधिक भरतें व निखारा टिकतो. मोठा फरक पडतो तो पाण्यामुळें. नुकत्याच तोडलेल्या लांकडांत निम्में पाणी असूं शकतें. असें एक किलो ओलें लांकूड चुलींत घातलें म्हणजे त्यांत जळणारा भाग अर्धाच किलो. त्याचे २,२०० उष्मांक. त्यांतून आंतल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यास तीनशेंहून अधिक उष्मांक आधींच खर्ची पडतात. उरतात सुमारें १,९००. उलट उन्हांत महिनोन्महिने वाळलेल्या लांकडांत शेंकडा पंधरा भाग पाणी राहिलें, तर किलोमागें ३,६५० उष्मांक मिळतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वखारवाल्याचा तराजू दोहोंसहि एकच भाव लावतो. ओलें लांकूड पाऊणपट किंमतीस मिळालें म्हणून स्वस्त पडलें असें मानणारा गृहस्थ वस्तुतः पाणी विकत घेतो, आणि तें पाणी उडवून देण्यासाठीं लांकूडहि जाळतो.

हा तोटा पैशांत मोजणें सोपें आहे. पण जेथें सरपण विकत न घेतां रानांतून आणतात, तेथें तो मानेनें आणि पायांनीं सोसावा लागतो. वीस किलोंची ओली मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी बाई आपण पाहतों, तेव्हां तिच्या डोक्यावर मोळी आहे असें आपणांस दिसतें. खरें पाहतां तिच्या डोक्यावर अर्धी मोळी आणि दहा किलोंची पाण्याची घागर आहे. आणि ती घागर घरच्या पिण्यासहि यावयाची नाहीं, ती चुलींतून धूर होऊन निघून जावयाची. लांकूड तोडल्या जागींच, किंवा निदान अंगणांत, उन्हाळाभर फोडून रचून ठेवण्याची जी रीत जाणत्या घरांतून होती, तिच्यामागें हेंच गणित होतें. मग तें कोणीं कागदावर मांडलेलें नसो.

पण एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. जळणांत उष्णता किती, आणि भांड्यापर्यंत पोंचली किती, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. तीन दगडांच्या साध्या चुलींत शंभरांपैकीं दहा ते पंधरा उष्मांकच भांड्यास लागतात. बाकीचे भिंतीला, वाऱ्याला आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडाला. गॅसच्या चांगल्या शेगडींत शंभरांपैकीं साठ किंवा त्याहून थोडे अधिक भांड्यास मिळतात. आतां एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ७५ उष्मांक पाहिजेत. स्वयंपाकाच्या गॅसमध्यें किलोमागें सुमारें ११,००० उष्मांक असल्यामुळें हें काम साडेअकरा ग्रॅम गॅस करतो. त्याच कामास साध्या चुलीवर वाळलेलें लांकूड सुमारें १७० ग्रॅम लागतें, आणि ओलें घातलें तर तीनशें ग्रॅमांच्याहि वर. घरगुती गॅसची टाकी १४.२ किलोंची असते. हाच हिशेब पुढें चालविला म्हणजे एक टाकी सुमारें २१० किलो वाळलेल्या लांकडाच्या, म्हणजे वीस किलोंच्या दहा-अकरा मोळ्यांच्या, बरोबरीची ठरते. ओल्या लांकडाच्या मोळ्या तर वीस भराव्या लागतील. शिवाय अर्धवट जळलेल्या लांकडाचा धूर स्त्रियांच्या व मांडीवरल्या मुलांच्या फुफ्फुसांत जातो, त्याची तोळामासा किंमत आम्हांस करतां येत नाहीं. ज्या पालकांच्या घरीं अद्याप चूल आहे, त्यांनीं निदान धुराडें असलेली, तोंड लहान व भांडें घट्ट बसणारी चूल करून घ्यावी. लांकूड तेंच राहून शिजणें वाढतें.

कोळशाविषयीं थोडक्यांत सांगतों. लोणारी कोळशांत किलोमागें सुमारें ७,००० उष्मांक, म्हणजे लांकडाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तो शहरांत नेण्यास सोयीचा. परंतु जुन्या पद्धतीच्या भट्टींत एक किलो कोळसा पाडण्यास पांच ते सात किलो लांकूड लागतें. वजन हलकें झालें तें उष्णता गोळा होऊन नव्हे. दोन हिस्से उष्णता रानांतच धूर होऊन गेली म्हणून. वर्धा खोऱ्यांतील दगडी कोळसा दिसण्यांत काळाभोर व वजनांत भरभक्कम, पण त्यांत राखेचें प्रमाण फार. म्हणून त्याचे उष्मांक किलोमागें सुमारें चार हजारांच्या आसपासच राहतात. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांत तो जाळतात, तेव्हां त्याच्याबरोबर दगडमातीहि भट्टींत जाते व राखेचे डोंगर होऊन बाहेर पडते.

येथें एक गोष्ट आमच्या लक्षांत आली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्वारीच्या एका किलोंत ३,३०० ते ३,५०० उष्मांक असतात, आणि वाळलेल्या लांकडाच्या किलोंतहि साधारण तेवढेच! भाकरी आणि ती भाजणारें सरपण हीं तराजूवर व उष्णतामापकांत दोन्हींकडे जवळजवळ सारखीं उतरतात. हा योगायोग नव्हे. धान्यांतील पिष्ट आणि लांकडांतील काष्ठतंतु हे दोन्ही साखरेच्याच कणांच्या सांखळ्यांचे बनलेले आहेत. फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी. तेवढ्या निराळेपणामुळें माणसाच्या पोटास एक पचतें व दुसरें पचत नाहीं. बैलास मात्र, त्याच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंच्या कृपेनें, कडब्यांतूनहि पुष्कळसें मिळतें. म्हणून “कशाचा किलो?” या प्रश्नास “कोणासाठीं?” अशी एक पुस्ती जोडावी लागते. अमेरिकेंत ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांस बंद खोलीवजा उष्णतामापकांत ठेवून असे हिशेब केले. पिष्ट व प्रथिनें ग्रॅममागें चार, चरबी नऊ, हीं आज सर्वत्र वापरांत असलेलीं सरासरीचीं आंकडे त्याच्याच परिश्रमांतून आलीं.

इच्छा असल्यास विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं एक प्रयोग करावा. अर्ध्या ग्रॅमचा शेंगदाणा टांचणीस टोंचून पेटवावा आणि त्याच्या ज्योतीवर परीक्षानळींत ५० ग्रॅम पाणी धरावें. शेंगदाण्याच्या किलोंत सुमारें ५,६०० उष्मांक, तेव्हां या दाण्यांत २.८, त्यानें एवढें पाणी ५६ अंशांनीं तापलें पाहिजे. तपमापक त्याच्या निम्म्यानेंहि चढत नाहीं असें बहुधा आढळेल. राहिलेली उष्णता कोठें गेली याचा शोध घेतां घेतां चुलीचा वरील सर्व हिशेब हाताखालून जाईल.

याच शेंगदाण्याची तुलना टी.एन.टी. या स्फोटक द्रव्याशीं केली तर वाचकांस नवल वाटेल. टी.एन.टी.च्या एका किलोंतून सुमारें १,००० उष्मांक बाहेर पडतात, असें मानण्याचा संकेत आहे; म्हणजे शेंगदाण्याच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी. मग शेंगदाण्यानें डोंगर कां फुटत नाहीं? कारण दोन आहेत. पहिलें वेळेचें. शेंगदाणा आपली उष्णता मिनिटभर पुरवून देतो. स्फोटक द्रव्य ती डोळ्याचें पातें लवण्याच्याहि कित्येक पट आधीं देऊन मोकळें होतें. उष्णता किती, हा एक प्रश्न. ती किती वेळांत, हा दुसरा. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें, आणि तें तराजूस मुळींच दिसत नाहीं. लांकूड, तेल, शेंगदाणा हीं सारीं हवेंतील प्राणवायु घेऊन जळतात. एक किलो रॉकेल जळण्यास सुमारें साडेतीन किलो प्राणवायु लागतो, आणि तो आपण दुकानांत जोखून घेत नाहीं. हवा फुकट मिळते म्हणून रॉकेल एवढें समर्थ भासतें. स्फोटकास हवेची वाट पाहण्यास वेळ नसतो. त्यास आपला प्राणवायु अंगांतच वागवावा लागतो, व त्याचें वजन किलोंत धरलें जातें. हाच न्याय मोटारींतल्या शिशाच्या बॅटरीस लावावा. तिच्या किलोंत तीसच्या आसपास उष्मांक, कारण तिला सारें सामान घरचें. उलट हायड्रोजनच्या एका किलोंत सुमारें २९,००० उष्मांक. परंतु त्यास आठ किलो प्राणवायु लागतो, आणि दाबल्याशिवाय ठेवला तर तो एक किलो वायु अकरा घनमीटरांहून अधिक जागा व्यापतो. एवढ्यांत एक खोली निम्मी भरेल. आपल्या पायलीभर चुरमुऱ्यांचीच ही थोरली बहीण.

येथपर्यंत वजन आणि उष्णता यांस आपण दूर ठेवीत आलों. पण व्यवहारांत वजनाचेंच नांव ऊर्जेला देण्याची चाल पडली आहे, आणि तिच्यामुळें सुशिक्षित माणसेंहि फसतात. “दीड टनाचें वातानुकूलन यंत्र” म्हटलें म्हणजे तें दीड टन जड असतें असें कोणी समजत नाहीं. पण मग टन कसला, हें विचारलें तर सांगणारा क्वचितच भेटतो. पूर्वीं थंडाव्यासाठीं बर्फाच्या लाद्या वापरीत. २,००० पौंडांचा, म्हणजे अमेरिकन टनाचा, बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता ओढून घेतो, तितकी उष्णता चोवीस तासांत बाहेर काढणाऱ्या यंत्रास एक टनाचें यंत्र म्हणतात. लाव्हाझियेच्या बर्फाच्या भांड्याचा हा दूरचा वंशज! त्याचप्रमाणें राष्ट्रांच्या इंधनाच्या हिशेबांत “इतके टन तेलाइतकी ऊर्जा” असें लिहितात. तेथें एक टन म्हणजे एक कोटी उष्मांक, असा ठराव आहे. जाळलें काय? कोळसा, गॅस, लांकूड, किंवा कांहींच नाहीं, नुसतें पाणी पडलें. तेलाचा थेंब नसला तरी हिशेब तेलाच्या टनांत. “टन टी.एन.टी.” म्हणजे दहा लक्ष उष्मांक, हाहि असाच ठराव. कोणताहि स्फोट, मग तो ज्वालामुखीचा असो, त्या मापांत सांगतात.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर जो बाँब पडला, त्याचें सामर्थ्य सुमारें १५,००० टन टी.एन.टी.चें होतें असें सांगतात, तें याच अर्थानें. त्यांतील युरेनियमचें वजन ६४ किलो, आणि त्यांतलें एक किलोहूनहि कमी प्रत्यक्ष भंगलें. तेवढ्यानें एक शहर गेलें. तीच युक्ति सावकाशीनें वापरून तारापूर येथें १९६९ पासून वीज काढण्यास आरंभ झाला. भंगणाऱ्या जातीच्या एक किलो युरेनियमचे सर्व कण भंगले तर सुमारें १,९०० कोटी उष्मांक मिळतात. वर्धा खोऱ्यांतील कोळसा तेवढ्यासाठीं पावणेपांच हजार टन जाळावा लागेल.

मात्र येथें आमच्या प्रश्नास एक विलक्षण कलाटणी मिळते. हिरोशिमाच्या स्फोटांत जी ऊर्जा बाहेर पडली, तिच्यासाठीं द्रव्याचें वजन किती घटलें? आइन्स्टाइननें १९०५ सालीं वस्तुमान व ऊर्जा यांचा जो संबंध दाखविला, त्याप्रमाणें गणित केल्यास उत्तर येतें ०.७ ग्रॅम, सोनाराच्या जुन्या भाषेंत सुमारें पाऊण मासा. या हिशेबांत मासा कशाचा, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. युरेनियमचा मासा, सोन्याचा मासा, शेणाच्या गोवरीचा मासा, सर्वांच्या वस्तुमानांत ऊर्जा एकच. अडचण एवढीच कीं, ती बाहेर काढण्याची किल्ली बहुतेक पदार्थांच्या बाबतींत आपल्या हातीं नाहीं. चुलींत जळणारें एक किलो लांकूडहि हा नियम मोडीत नाहीं. राख, धूर, वाफ सारें गोळा करून, त्यांतून हवेंतून घेतलेल्या प्राणवायूचें वजन वजा केलें, तर मूळच्या किलोहून तें किंचित् कमी भरावें. पण ही घट एका मिलिग्रॅमच्या पांच हजाराव्या हिश्शाहूनहि लहान असते, आणि चुलीचा पसारा जोखून ती दाखवील असा तराजू अद्याप कोणीं केलेला नाहीं.